शुक्रवारची कळ

"डोकं उचला, ऐया," डॉक्टर एळिलरसी म्हणाल्या. पळनिवेल यांनी पलंगावर पडल्या पडल्या डोकं उचललं. डॉक्टरांनी त्यांच्या पोटावरच्या लांब व्रणावर बोट दाबून धरलं होतं. टाक्यांपाशी नस अडकलेली असली, की असं केल्यावर कळ वाढते.

"दुखलं?"

पळनिवेल यांनी सवयीने मुलीकडे पाहिलं. एरवी मलर 'दुखतं' म्हणायची आणि ते होकारार्थी मान हलवायचे. जिने आपलं अर्धं यकृत काढून दिलं, तिच्याशी हुज्जत कोण घालणार? पण आज मलर खिडकीबाहेर बघत होती.

"नाही," ते म्हणाले.

यकृत बसवून दीड वर्ष झालं होतं. गेले आठ महिने मलर अप्पांच्या पोटदुखीसाठी मदुरैच्या या दवाखान्यात खेपा घालत होती. सोनोग्राफी झाली, पित्तनळ्या पाहून झाल्या, रक्त तर किती वेळा दिलं. सगळं ठीक. आता टाक्यांचंही दुखणं नाही म्हटल्यावर एकच भीती उरली. शरीर ते यकृत नाकारत असेल तर? सोमवारी सुई घालून यकृताचा कण काढून बघू, असं डॉक्टर म्हणाल्या.

मलरचा चेहरा उतरला. सुईशिवाय नाही का भागणार, असं तिने दोनदा विचारलं.

डॉक्टरांनी तिने लिहिलेली दुखण्याची वही पुन्हा उघडली. पहाटे, वाकल्यावर. शुक्रवारी जास्त. मार्गळी महिन्यात रोज, सोसवत नाही इतकं. यकृताला वार कुठले कळायला! ऑपरेशनआधी पळनिवेल यांनी घातलेली अट डॉक्टरांना आठवली: पोरीला एक दिवस जरी दुखणार असेल, तर मला नको ते यकृत.

"ऐया, तुमच्या दारात रांगोळी कोण काढतं?"

"हीच की," पळनिवेल कौतुकाने म्हणाले. "शुक्रवारी मोठी काढते. मार्गळीत तर रोज पहाटे दोन दोन तास वाकलेली असते..."

बोलता बोलता ते थांबले. मलर मान खाली घालून उभी होती. तिचा हात उजव्या कुशीवर, स्वतःच्या टाक्यांवर होता.

पळनिवेल सावकाश उठले. कमरेची वेष्टी सावरून पलंगावरून उतरले. उशी सारखी केली.

"ये," ते मुलीला म्हणाले. "आता तू डोकं उचल."