यासीनचा रोल

मस्कतहून आणलेला डिजिटल कॅमेरा गळ्यात मिरवत जमाल पनवेलच्या लग्नाच्या हॉलमध्ये शिरला, तेव्हा त्याची खात्री होती, की आज चुलतभाऊ यासीनच्या जुनाट रोलच्या कॅमेऱ्याकडे चिटपाखरूही फिरकणार नाही. झालं उलटंच. जमालने फोटो काढला रे काढला, की बाया कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनमध्ये डोकावायच्या आणि ओरडायच्या, "या अल्लाह, मी एवढी जाडी? पुस तो आधी!" तिकडे यासीनसमोर मात्र अख्खं खानदान रांग लावून, श्वास रोखून हसत होतं. "रोलची मजा काही औरच," म्हणत फरिदाखाला तर तीनदा उभ्या राहिल्या. जमालच्या पोटात असा भडका उडाला, की त्यावर बिर्याणीचा हंडा चढवता आला असता.

यासीन जेवायला बसलेला पाहून जमालने गुपचूप त्याचा कॅमेरा उचलला. झाकण उघडून रोलला नुसता उजेड दाखवला, की सगळे फोटो बाद! त्याने खटकन झाकण उघडलं.

आत रोलच नव्हता.

"तीन ईद झाल्या, रोल घातलाच नाही," मागून यासीन हात पुसत म्हणाला. "नुसता फ्लॅश मारतो. कुणी फोटो मागितलेच, तर धुवायला टाकलेत म्हणतो. आजवर एकीनेही 'पुस' म्हटलेलं नाही."

यासीनने कॅमेरा हातात घेऊन झाकण बंद केलं आणि तो डोळ्याला लावला. "चल, तुझाही एक काढतो."

जमालने घाईघाईने टोपी सरळ केली आणि पोट आत ओढलं.