मुळांखालची अंडी

जावईबापू ओसरीवर चपला काढत, पण कानातलं फोनचं यंत्र काही काढत नसत; मग सासूचा शब्द शिरायचा कुठून, ही भिवराबाईंची जुनी तक्रार.

आज मात्र हर्षलने यंत्र काढून हातात धरलं होतं. त्याने बनवलेल्या लोखंडी किड्यांनी दोन महिन्यांत तळ्यातली सगळी जलपर्णी फस्त केली. तळं आरशासारखं लखलखलं, त्याचा सत्कार झाला आणि यंदा भोयांच्या जाळ्यात मासळीचं एक पिलू आलं नाही.

"मासे त्या मुळांत अंडी घालतात, हे आमच्या गणितात नव्हतं, मामी," तो पुटपुटला. "उद्या पलीकडच्या तळ्यात किडे सोडायचेत."

भिवराबाईंची मान खाली गेली. जलपर्णी उपसण्याआधी भोयांच्या बाया मुळांखाली हात घालून बघत, अंडी लागली तर तेवढा कोपरा राखत. भिवराबाईंना हे पक्कं ठाऊक होतं. पण एवढा शिकलेला जावई विचारायला येईना, म्हणून त्या तोंड फुगवून बसल्या होत्या.

"जावईबापू, तुम्ही विचारलं नाही अन् मी सांगितलं नाही, पाप निम्मं निम्मं. उद्या आधी माझ्यासोबत कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं. हाताला अंडी लागली, तर तुमचे किडे पेटीतच राहतील!"