एकोणिसाव्या पानावरचा गोल

"हे पुस्तक बाहेर पडून जेमतेम तीन महिने झालेत," लेखिका नेसा बेअर्ड म्हणाली, आणि ग्रंथपाल मॉयराच्या हातातल्या किटलीतला चहा कपाऐवजी बशीत पडला.

किलब्रेनी गावाच्या वाचनालयात पुस्तक-महोत्सवाचा शेवटचा कार्यक्रम चालला होता. पहिल्या रांगेत एफी गेडिस बसली होती. एक्याऐंशी वर्षांची, शाळेतल्या शिक्षकीतून केव्हाच निवृत्त झालेली, पण पाठ अजून ताठ. तिच्या मांडीवर हेच पुस्तक होतं. त्याच्या एकोणिसाव्या पानावर, आकड्याभोवती, पेन्सिलीचा बारीक गोल होता. ती तिच्या नवऱ्याची, वॅटीची खूण. आणि वॅटीला जाऊन दोन हिवाळे झाले होते.

या गावातली म्हातारी मंडळी आठवड्याला तीन-तीन रहस्यकथा फस्त करतात आणि कुठली वाचली ते साफ विसरतात. म्हणून वाचलेलं पुस्तक ओळखायला प्रत्येकाचं एक पान आणि एक खूण ठरलेली. कुणाची चांदणी सातव्या पानावर, कुणाची रेघ तिसाव्या. त्याबद्दल बोलत कुणीच नाही. मॉयराचा मात्र या प्रकारावर भारी राग. खोडरबर कायम स्वेटरच्या खिशात. पुस्तक परत आलं की पुसायला बसलीच.

वॅटी गेला आणि एफी एकोणिसावं पान उघडून पुस्तकं निवडू लागली. "पन्नास वर्षं शेजारी बसून वाचत होता. काय वाचतोस, म्हणून एकदा विचारलं नाही मी," एवढंच ती म्हणाली होती. वॅटीचे गोल मॉयराने स्वतःच शेकड्याने पुसले होते. उरलेले थोडे होते आणि गेल्या शरदात तेही संपले. एफी अर्धा तास कपाटापाशी उभी राहिली, रिकाम्या हाताने गेली. पुढचे दोन मंगळवार ती आली नाही. दुपारपर्यंत तिचे पडदे उघडत नाहीत, असं मॉयराच्या कानावर आलं.

तेव्हा मॉयराने पेन्सिल उचलली. "मागच्या खोलीत वॅटीच्या खुणेचं एक पुस्तक सापडलं बघा," असा फोन केला. पुढच्या आठवड्यात आणखी एक सापडलं. मग दर आठवड्याला सापडतच गेलं. अलीकडे त्या गोलाखाली कुणीतरी बरोबरची बारीक खूण करू लागलं होतं. तेवढी मॉयरा चडफडत पुसून टाकायची. आणि या आठवड्यात महोत्सवाच्या गडबडीत तिने गोल काढला तो कोऱ्या करकरीत पुस्तकात.

आता एफी उठेल, पुस्तक टेबलावर ठेवेल आणि पुन्हा या दारात पाऊल टाकणार नाही. मॉयराला दुसरं काही सुचेना.

एफी उठली. पण ती सह्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

"अहो आजी, हे वाचनालयाचं पुस्तक आहे. यावर सही कशी करू?" नेसा हसली.

"सही नको गं. पेन दे जरा." पेन हातात येताच एफी वळली. "मॉयरा, इकडे ये."

"मिसेस गेडिस, मला माफ करा, मी..."

"वॅटीचा हात थरथरायचा. त्याच्या गोलाची दोन टोकं कधी जुळली नाहीत. आणि तुझे बघ, कंपासने काढल्यासारखे!"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच पुस्तकापासून. अगं, आयुष्यभर वह्या तपासल्यात मी. आपल्यासाठी कुणीतरी पुस्तक निवडून ठेवलंय, एवढ्यासाठी मंगळवारी अंथरुणातून उठत होते. फार उपकार केलेस बाई. प्रत्येक गोलाखाली बरोबरची खूण करून तसं कळवतही होते. पण तू कसली, लगेच पुसून मोकळी!"

मॉयराचा हात आपोआप स्वेटरच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. तिला पुढचं नीट दिसत नव्हतं.

एफीने एकोणिसावं पान उघडलं, टेबलावर दाबून धरलं आणि गोलाखाली चांगली ठसठशीत बरोबरची खूण केली. शाईने.