परवान्यावरचं नाव

नेब्रास्कातल्या व्हर्नाने बेकरी गसला हप्त्यांवर विकली होती. पैसे फिटेपर्यंत भट्टीवर पहिला हक्क तिचाच, अशी नोंद तिने सरकारदफ्तरी स्वतः केली होती. गसचं दिवाळं वाजलं, तरी ती निर्धास्त होती. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याच्या शुश्रूषागृहाचा खर्च भट्टी विकून भागला असता. कोर्टात, त्याच भट्टीवर गसला कर्ज दिलेल्या बँकेच्या वकिलाने त्याचं वाहनपरवान्यावरचं नाव दफ्तरात शोधलं: ऑगस्टिन. व्हर्नाची नोंद सापडलीच नाही. "बाई, नोंदीत परवान्यावरचंच नाव लागतं, तुम्ही गस लिहिलंत. नोंद बाद. भट्टी बँकेची." "अहो, अख्खं गाव त्याला गसच म्हणतं!" "गाव म्हणतं, कायदा म्हणत नाही." गस खालमानेने पुटपुटला, "व्हर्ना, ते नाव मीच विसरलो होतो." सोमवारी बँकेची माणसं भट्टी उचलायला आली. जमिनीला नटांनी जखडलेली ती सुटेना, तेव्हा एकाने घण उगारला. "थांब, फोडशील तिला!" व्हर्ना गुडघ्यांवर बसली आणि एकेक नट सोडवू लागली.