इंजिनावरचा नारळ

दुष्काळात ऊस वाळला, साखर कारखाना बंद पडला आणि संचालक मोहनरावांनी आपली लाडकी हॅचबॅक विकायला काढली. बद्रीनाथमास्तरांचा त्या गाडीवर कधीपासूनचा जीव! पण बायकोनं बजावलं, "आमच्या दादांनी इंजिन बघितल्याबिगर घ्यायची न्हाई."

दादा म्हणजे मास्तरांचे सासरे ज्ञानोबा. नारळ घेऊन बोअरची जागा दाखवणारे पाणाडे, आणि त्यांनी दाखवलेले सहाच्या सहा बोअर ठणठणीत कोरडे!

मोहनरावांच्या दारात दादांनी बॉनेट उघडायला लावलं, तळहातावर नारळ आडवा ठेवून इंजिनावर फिरवला. नारळ टुणकन उभा राहिला.

"जावाईबापू, लई पाणी हाय हितं!"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोहनराव पोट धरून हसले, "ओ बाबा, इंजिन हाय ते, हीर न्हाई!"

तेवढ्यात मास्तरांनी सोबत आणलेल्या मेकॅनिक जालिंदरनं ऑइलचं झाकण काढलं. तेलात पाणी शिरून आत दुधाच्या चहासारखा फेस झालेला. इंजिन पार कामातून गेलेलं!

मोहनरावांचं हसू थांबलं. त्यांनी बॉनेट लावलं आणि वाकून दादांचे पाय धरले.



"गाडी मरू द्या, बाबा. आमच्या कारखान्यात बोअरची जागा दाखवाया कवा येता?"