पळता आहेर

लातूरच्या अर्धमॅरेथॉनमध्ये मुदखेडचे पासष्टीतले शेषेराव वादळी पावसात पळत होते. तीन तासांच्या आत पोहोचलं तरच पदक. शेवटच्या किलोमीटरला दहाच मिनिटं उरलेली. तोच औसा रस्त्यावरच्या घरासमोर लेकीचे सासरे फेटा घेऊन आडवे आले. “दारावरून चाललाव व्याही, आहेर न घेता?” शेषेराव थबकले. थांबावं तर पदक जातं. न थांबावं तर लेकीला जन्मभर ऐकावं लागतं. “लई उशीर होऊन राहिलाय,” ते काकुळतीनं म्हणाले. “मग थांबलाव कशाला? पळा की,” म्हणत व्याह्यांनी धोतर खोचलं आणि पळता पळता ओला फेटा त्यांच्या डोक्याला गुंडाळायला घेतला. दोघांनी रेषा ओलांडली, मिनिटभर राखून. पदक घालणाऱ्या मुलीनं दुसऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, “काका, तुमचा नंबर?” धापा टाकत व्याही म्हणाले, “आम्हाला नंबर कशाला? आम्ही पोराकडचे हावोत.”