मॅडम काय म्हणाल्या?

चिखलीच्या शाळेत पालकसभेला मॅडम हर्षलला म्हणाल्या, "ओवी इज फॉलिंग बिहाइंड." हर्षलने हात जोडून "थँक्यू" म्हटलं आणि शाळेच्या फाटकाबाहेर येताच लेकीला विचारलं, "काय म्हणून राह्यल्या व मॅडम?"

ओवीला अर्थ पक्का ठाऊक होता. पोरगी मागे पडत चालली आहे. पण बापाचा आशेनं फुललेला चेहरा पाहिला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "म्हणल्या, ओवी सर्वायच्या पुढं हाय."

झालं! हर्षलने चिखलीतच पेढे घेतले. गावी अमडापूरला बसमधून उतरल्यापासून जो भेटेल त्याच्या हातावर पेढा आणि वर मॅडमचं इंग्रजी, "आमची ओवी फॉलिंग बिहाइंड हाय!" लोक कौतुकानं माना डोलवत होते. ओवी मात्र चालता चालता थबकली, कारण समोर चहाच्या टपरीवर नीळकंठ गुरुजी बसले होते. गावाला इंग्रजी शिकवण्यात त्यांची हयात गेलेली.

"गुरुजी, पेढा घ्या! मॅडम म्हणल्या, ओवी फॉलिंग बिहाइंड हाय!"

गुरुजींनी पेढ्याकडे पाहिलं, मग ओवीकडे. ती बापाच्या पाठीमागे सरकली.

"अस्सं?" गुरुजींनी पेढा तोंडात टाकला. "हर्षल, तुह्या बापाले मी तुह्याबद्दल हेच सांगत होतो."

हर्षलची छाती फुगली. "मंग! पोरगी कोनावर गेली?"

"म्हणूनच सांगतो, उद्यापासून तिले रोज संध्याकाळी माह्याकडं पाठव. तुह्या बापानं तुले पाठवलं नव्हतं."